शब्दाची जात

निकितानं पाण्याचा पेला वडिलांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय, नाना?"

सूर्यभान सरांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. "वॉटर."

"आणि याचं काय करतात?" तिनं पेला स्वतःच्या तोंडाला लावून दाखवला. सरांनी डोळे मिटून घेतले.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना वस्तूंची नावं तेवढी सापडत. पिणं, उठणं, जाणं सांगणारे शब्द कुठंतरी सांडून गेले होते. घास गिळता येत नव्हता म्हणून नाकात नळी होती. ती उपसू नये म्हणून मुक्ताबाईंनी नवऱ्याचा चांगला हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधला होता.

कोल्हारच्या शाळेत त्यांनी उभी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. प्रवरेच्या पुलावरून सायकलवर डबलसीट नेताना निकितालाही तेच शिकवणं चाले. "वॉटर म्हणजे पाणी. झाडाला घातलं की तेच वॉटर क्रियापद. शब्दाची जात कपाळावर लिहिलेली नसते, निके. वाक्यात तो काय काम करतो ते बघायचं."

मुक्ताबाई पेज गाळून घेऊन आल्या. निकितानं ती सिरिंजमध्ये भरली, तसं सरांनी तिच्याकडं तोंड वळवलं.

"लीव्ह."

"माझी रजा का, नाना? आहे अजून. पुण्याला ऑफिसात फोन केलाय मी."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बांधलेल्या हाताची बोटं नळीच्या दिशेनं उघडली, मिटली.

"लीव्ह," ते पुन्हा म्हणाले. वर्गात म्हणत तितकं स्वच्छ.

लीव्ह म्हणजे रजा, आणि लीव्ह म्हणजे सोडणंही. त्यांनीच शिकवलं होतं. निकिताच्या हातातली सिरिंज तशीच अधांतरी राहिली. ज्या क्रियापदाची ती इतके दिवस वाट बघत होती, ते आलं होतं.

"काय म्हंत्यात गं?" मुक्ताबाई लगबगीनं पुढं वाकल्या. "नवा शबुद हाय ना? ऐकला मी."

"हो."

"म्हंजी काय?"

आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू फुटलं होतं. निकितानं नजर वळवली.

"रजा," ती म्हणाली. "माझी रजा संपली का, विचारतात."

"बघ! लेकीचा घोर सुटला न्हाई अजून." मुक्ताबाईंनी पदरानं त्यांच्या हनुवटीवरची लाळ टिपली. "सांग की मग त्यास्नी नीट."

निकिता खाली वाकली.

"आहे, नाना. रजा आहे अजून."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. आणि एखाद्या पोरीचं उत्तर बरोबर आल्यावर डोलवावी, तशी सावकाश मान डोलवली.