दसऱ्याच्या धुण्यात गेलेला पंख

मित्रांनो, मला बघून तुम्ही नक्की चुकाल. कोणी मला तंबू म्हणतं, कोणी मांडवाचं कापड म्हणतं. शेजारच्या गोजरबाईंनी तर एकदा विचारलं होतं, "एवढी मोठी मच्छरदानी कशाला आणली गं?" तेव्हापासून मी त्या बाईंवर थोडा रागावूनच आहे. मी पंख आहे. दोन माणसांना एकदम उचलून समुद्रावर नेणारा पॅराग्लायडरचा पंख. आता मी जुना झालो आहे आणि बदनापूर तालुक्यातल्या एका घरात, लोखंडी पेटीवर, पिशवीत घडी होऊन पडलो आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझं कापड कागदासारखं कुरकुरीत आणि वजनाला अगदी हलकं होतं. निम्मा निळा, निम्मा केशरी, असा मी फार देखणा होतो, आणि हे मला माहीतही होतं. माझ्या पोटात लांबट कप्पे आहेत. त्यांत वारा भरला की मी फुगतो आणि उडणाऱ्याच्या डोक्यावर उभा राहतो. कापडावर एक पातळ लेप असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्या लेपामुळे माझ्यातून हवा आरपार जात नाही. तो गेला की मी नुसता कपडा.

मला विकत घेतलं आदिनाथने. त्याचं घर इथलं, दुधना नदीच्या काठच्या गावातलं. पुण्याकडे कामाला गेला असताना तो डोंगरावर उडायला शिकला आणि कोकणात समुद्राकाठी जाऊन वैमानिक झाला. गावात कोणाचा विश्वास बसत नसे. मोसंबीच्या बागेत वाढलेला पोरगा समुद्रावर उडतो, हे लोकांना थापच वाटायची.

आमचं काम एका उंच कड्यावर चाले. पाहुणा पुढे, आदिनाथ मागे, दोघंही पट्ट्यांनी एकमेकांना आणि मला बांधलेले. समोरून वारा आला की आदिनाथ ओरडे, "पळा! थांबू नका, पळा!" पाहुणे पळत. मी वर येई. मग जमीन संपे. पाहुण्यांचे पाय मात्र हवेतही थोडा वेळ पळतच राहत. मला त्याचं फार हसू येई.

वरून समुद्र कसा दिसतो ते सांगू? काठाजवळ तो मातकट असतो, पुढे हिरवा होतो आणि मग दूरवर निळाच निळा. लाटा येताना दिसतात, पण त्यांचा आवाज वरपर्यंत नीट पोचत नाही. सुरूच्या झाडांचे शेंडे पायाखालून जातात. वाळूत वाळत घातलेली जाळी दिसतात. आणि त्या सगळ्यावरून माझी सावली सरकत जाते. मोठमोठ्याने बोलणारी माणसंही तिथे गप्प होत.

एकदा राजनंदिनी नावाची तरुणी आमच्याबरोबर उडाली. आदिनाथचं बोलणं ऐकून तिने हवेतच मान वळवली.

"दादा, तुम्ही कुठले?"

"जालन्याकडचा. बदनापूर."

"अगं बाई! आमचं जालन्यातच, मस्तगडात भांड्याचं दुकान हाय!"

दोघं आपापल्या गावाच्या गोष्टी सांगत समुद्रावर घिरट्या घालत होते. मग ती खाली उतरल्यावर पट्टे सोडताना म्हणाली, "माझ्या वडलांनी समुद्र पाह्यलाच न्हाई. जाऊ जाऊ करता करता गेले बिचारे."

आदिनाथने त्याच संध्याकाळी घरी फोन लावला. कारण त्याच्या वडिलांनीही समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांच्याकडे वेळ कमी होता. बद्रीनाथांना काचबिंदू होता. समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं गेलं होतं, आणि जे दिसत होतं तेही लहान लहान होत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाने नजर जितकी टिकेल तितकी टिकेल.

"बाबा, येत्या हंगामात तुमाला वर नेतो. बिलकुल बहाणा न्हाई चालायचा," आदिनाथ म्हणाला.

मी बद्रीनाथांना चांगला ओळखत होतो. कोकणात पावसाळ्यात उडणं बंद असतं आणि तिथल्या ओल्या हवेत माझ्यासारख्याला बुरशी लागते. म्हणून आदिनाथ दर वर्षी मला इथे आणून ठेवायचा. इथली हवा कोरडी. दुपारी घर निजलं की बद्रीनाथ माझी पिशवी उघडत आणि कापडावरून हात फिरवत. एकदा त्यांनी आदिनाथला विचारलं, "वरून समुद्राचा शेवट दिसतो का रे?" आदिनाथ म्हणाला, "तुमीच बघा अन् मला सांगा."

त्या वर्षी घरात नुसती धांदल होती. धोतर नेसून उडता येत नाही, म्हणून बद्रीनाथांनी बदनापूरला जाऊन आयुष्यातली पहिली पँट शिवून घेतली. ती घालून ते अंगणात पळून बघत. उषाबाई, त्यांच्या मालकीण, ओसरीवर बसून पदर तोंडाला लावून हसत. "सावकाश पळा, म्हस बुजंल," असं म्हणत. इतकं हसणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

घट बसल्यावर आदिनाथ येणार होता आणि आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि बद्रीनाथांना, घेऊन जाणार होता.

आणि मित्रांनो, घट बसायच्या आधी आमच्या भागात दसरा काढतात. दसरा काढणं म्हणजे घरातलं होतं नव्हतं सगळं धुऊन काढणं. गोधड्या, चादरी, पोती, पडदे, फडताळावरची भांडी, काही म्हणजे काही सुटत नाही. बिनधुतलेलं घरात राहिलं तर देवीला चालत नाही, असं मानतात. उषाबाईंनी सगळ्या घरावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

त्यांनी मला पिशवीतून काढलं, नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. मला समुद्राचा खारट वास येत होता. कितीतरी परक्या माणसांचे हात माझ्या दोऱ्यांना लागले होते.

"यांना वर घेऊन जायचं कापड, अन् असं कळकट?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एकदम झक्क करून ठिवते."

आदिनाथ मला कधीच धूत नसे. ओल्या फडक्याने हळूच पुसायचा आणि सावलीत ठेवायचा. पण हे त्याने घरात कधी सांगितलं नव्हतं, आणि घरात कोणी त्याला विचारलंही नव्हतं.

उषाबाईंनी मला बैलगाडीत घालून दुधनेवर नेलं. सोड्याच्या कढत पाण्यात भिजवलं, दगडावर घेतलं आणि मोगरीने बडवलं. मग साबण लावला, आणि पुन्हा बडवलं. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगू? मला त्यांचा राग आला नाही. इतक्या मायेने मला कोणी कधी हातच लावला नव्हता. गोधड्या त्यांनी बायकांना वाटून दिल्या होत्या. मला मात्र दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. दोन दिवस मी भर उन्हात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर पसरलेला होतो. उषाबाई मधूनमधून येऊन मला उलटा करत होत्या.

आदिनाथ आला तेव्हा मी ओसरीवर व्यवस्थित घडी करून ठेवलेला होतो. उषाबाईंनी मला त्याच्यापुढे सरकवलं.

"बघ. नवंकोरं दिसून राह्यलं की न्हाई?"

आदिनाथने मला हातात घेतलं आणि त्याचा हात थबकला. माझं कुरकुरीत अंग मऊ पडलं होतं, जुन्या लुगड्यासारखं. त्याने कापड तोंडाशी नेलं आणि फुंकर मारली. पलीकडे दारात लावलेल्या दिव्याची ज्योत हलली. मग दोऱ्या ताणून बघितल्या. त्याही कमीजास्त आखडल्या होत्या.

"काय झालं रे?" उषाबाईंनी विचारलं. "काहून गप झाला?"

बद्रीनाथ बाजेवर बसले होते, नवी पँट घालून. त्यांना आदिनाथचा चेहरा दिसत नव्हता. पण पोराची फुंकर त्यांनी ऐकली होती आणि त्याचं गप्प होणंही ऐकलं होतं. मला अजून नवल वाटतं की इतक्या थोड्या वेळात त्यांना सगळं कसं कळलं.

"त्याला काय विचारते? मला विचार," ते म्हणाले. "मीच न्हाई जाणार."

"म्हंजी?"

"भ्याव वाटून राह्यलं मला. रातभर झोप न्हाई. एवढ्या वर जायाचं, खाली पाणी. न्हाई जमायचं."

"अहो, पँट शिवली ना तुमी!"

"ती लग्नाकार्याला होईल."

आदिनाथ काही बोलणार होता. बद्रीनाथांनी चाचपत त्याचा गुडघा शोधला आणि दाबला. आदिनाथने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "माय, छान धुतलं तू. पण यंदा मी नवा घेऊन राह्यलो. हा इथंच राहू दे."

असा मी इथे राहिलो.

कोकणात गेल्यावर आदिनाथने पुन्हा पुन्हा फोन केले. राजानंद नावाचा त्याचा सोबती होता, तोही वैमानिक. "राजानंदचा पंख घेतो बाबा, तुमी फकस्त या," असं तो म्हणायचा. पण बद्रीनाथ गेले नाहीत. आपल्या पंखाची भीती वाटते आणि दुसऱ्याच्या पंखाची वाटत नाही, असं कसं सांगणार? उषाबाईंनी लगेच विचारलं असतं की आपल्या पंखाला काय झालं. म्हणून त्यांनी आपली भीती घट्ट धरून ठेवली.

उषाबाईंना मात्र गंमतच मिळाली. पाणवठ्यावर, हळदीकुंकवाला, बाजारात, जिथे जातील तिथे त्या सांगत, "आमच्या मालकाचं काय सांगू बाई! पँट शिवली, अन् जायच्या टायमाला पाय लटलट!" बाया हसत. पारावरची माणसं बद्रीनाथांना हाक मारत, "काय वैमानिक, कधी निघायचं?" बद्रीनाथही हसत. मी पेटीवर पडून ते हसणं ऐकत असे आणि मला रडू येत असे.

संक्रांतीच्या सुमारास त्यांची उरलेली नजर गेली. सकाळी उठून त्यांनी विचारलं, "उजाडलं का?" बाहेर चांगलं ऊन पडलं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा दसरा काढायची वेळ आली. उषाबाईंनी मला पुन्हा नदीवर नेलं. मी उडत नसलो तरी त्यांच्या लेखी लेकाची ठेव होतो. मला धुऊन त्यांनी अंगणात दोरीवर टाकलं, आणि त्याच दिवशी राजानंद घरी आला. जालन्याला त्याच्या बहिणीचं घर होतं, वाटेत आदिनाथच्या आईबापाला भेटावं म्हणून तो थांबला होता. मला दोरीवर ठिबकताना बघून त्याने कपाळावर हात मारला.

"मावशी, परत साबण? याला साबण चालत न्हाई ना. गेल्या वर्षी धुण्यातच तर गेला हा."

"राजानंद, बस. च्या घे," बाजेवरून बद्रीनाथ घाईने म्हणाले.

पण उषाबाईंच्या हातातली बादली खाली टेकली होती. "काय गेला?" त्यांनी विचारलं.

राजानंदला वाटलं होतं की घरात सगळ्यांना ठाऊक असेल. तो बिचारा चाचरत, थांबत सगळं सांगून बसला. चहा न घेताच तो निघून गेला.

उषाबाईंनी माझ्या ओल्या कापडावरून एकदा हात फिरवला. मग बाजेजवळ जाऊन खाली बसल्या.

"तुमाला भ्याव वाटलंच न्हवतं."

"वाटलं व्हतं," बद्रीनाथ म्हणाले.

"खरं सांगा. माझी शपथ हाय."

"अगं, बिलकुल खरं. पाय लटपटत व्हते माझे."

"मंग मी गावभर सांगत हिंडले, ते बराबर व्हतं?"

"बराबर व्हतं."

उषाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडल्या. बद्रीनाथ त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी दोरीवर होतो. माझ्यातून वारा सरळ आरपार जात होता.

बऱ्याच वेळाने उषाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "आपुन दोघं जाऊ. एकदा तुमी वर जा, एकदा मी जाते. तुमाला वारा लागंल. दिसतं काय, ते मी बघून सांगीन."

"शेवट दिसतो का, तेवढं बघ," बद्रीनाथ म्हणाले.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. ते दोघं अजून निघालेले नाहीत. आदिनाथ बोलावतो, तेही हो म्हणतात. पण म्हैस व्यालेली आहे, तिचं कोण करणार? घराला कुलूप कसं लावायचं? उषाबाईंचे गुडघे हल्ली धरतात, आणि आधी त्याही अंगणात पळून बघत, ते आता बंद झालं आहे.

आत्मकथा सांगणारे माझ्यासारखे सगळे तुम्हाला सांगत असतील की वस्तू जपा. जपाच. पण जपायच्या आधी, ती कशी जपायची ते एकदा विचारत जा. आणि घरात कोणाला काही बघायचं राहिलं असेल, तर त्याला आजच विचारा. त्याने भीती वाटते म्हटलं, तरी लगेच खरं मानू नका.

मी पेटीवरचं गाठोडं. मला म्हशीला वैरण घालता येत नाही, दोन दिवस घर राखता येत नाही. येत असतं तर मी त्या दोघांना केव्हाच म्हटलं असतं, निघा तुम्ही.

तुम्हाला येतं ना?