दवाखान्याचा कोळसा

माझी बायको अनारकान मार्चमध्ये गेली. भर दुपारी, दवाखान्यासमोरच्या बाकावर, माझ्या खांद्यावर डोके टेकून. दवाखान्याला कुलूप होते, कारण त्या दिवशी मंगळवार नव्हता.

नर्स चोलपोन तालुक्याच्या गावी राहते आणि हिवाळ्यात फक्त मंगळवारी येते. तिला दोष देता येत नाही. दवाखान्याच्या शेगडीला कोळसा मिळत नाही. मंगळवारी ती बरोबर आणलेली लाकडे पेटवते, दुपारपर्यंत खोली कशीबशी कोमट होते, तेवढ्यात तिची परतीची गाडी निघते. आम्ही त्या दिवशी तालुक्याहून रुग्णगाडी बोलावली होती. खिंडीत बर्फ होते. गाडी पोचली तेव्हा घाई करायचे काही कारण उरले नव्हते.

गावाला मिळणारा कोळसा शाळेला जातो, कचेरीला जातो आणि क्लबला जातो. क्लबमध्ये आमच्या सभा भरतात. तिथली शेगडी हिवाळाभर पेटलेली असते. म्हातारे दुपारी तिथे जाऊन बसतात, लग्ने तिथेच होतात.

मला एकच गोष्ट हवी होती. क्लबचा कोळसा दवाखान्याला द्यावा. सभा पाळीपाळीने आपापल्या घरी भरवाव्यात. शेगडी रोज पेटणार असेल तर चोलपोन गावात राहायला तयार होती. दवाखान्यामागे तिच्यासाठी खोली आहेच. यासाठी कुणा मंत्र्याचे पाय धरायचे नव्हते. गावच्या सभेने हात वर केले की काम झाले असते.

पण सभेत हे बोलता येईना.

आमच्याकडे बाता, म्हणजे आशीर्वाद, दिल्याशिवाय काही संपत नाही, आणि बाता दिली की पुढे काही उरत नाही. जेवण झाले की वडीलधारा माणूस दोन्ही तळवे पुढे उघडतो, सगळे उघडतात, तो आशीर्वादाचे चार शब्द बोलतो, सगळे 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवतात आणि उठतात. त्यानंतर कोणी पावाचा तुकडासुद्धा उचलत नाही. सभेचेही तसेच. आणि मेलेल्या माणसाचे नाव निघाले तर त्याच्या नावाने बाता द्यावीच लागते. न देणे म्हणजे त्या माणसाचा अपमान.

एप्रिलच्या सभेत मी उठलो आणि म्हणालो, "माझी अनारकान त्या बाकावर..."

तेवढ्यात ओरोझबायने तळवे उघडले. ओरोझबाय गावातला सगळ्यात वडील. आम्ही दोघे एकाच कळपामागे मेंढपाळ म्हणून लहानाचे मोठे झालो. त्याचे डोळे भरले होते. "अल्लाह तिला चांगली जागा देवो," तो म्हणाला. सगळ्या क्लबचे तळवे उघडले. ओमीन. तोंडावरून हात फिरले आणि माणसे उठली. जाताना एकेकाने माझा हात दोन्ही हातांत धरला. गावप्रमुख एल्चिबेक तर मला दारापर्यंत सोडायला आला. कुणावर रागवायचे?

उन्हाळा मी वरच्या कुरणात काढला. घोड्या अनारकानच्या हाताला दूध द्यायच्या, माझ्या हाताला देईनात. बाजूला सरकून उभ्या राहायच्या आणि तंबूच्या दाराकडे बघायच्या. ऑगस्टच्या शेवटी खाली उतरलो आणि सभेला गेलो. या वेळी मी आधी दवाखाना म्हणालो. पण मध्येच तिचे नाव तोंडातून गेले, आणि ओरोझबायचे हात उघडले.

परत येताना शेजारची नासिपकान बरोबर होती. तिची जीभ गावात प्रसिद्ध आहे. तिचा नवरासुद्धा तिच्याशी खुणांनी बोलतो म्हणतात.

"आबा, तुम्ही असंच करत राहा," ती म्हणाली. "एल्चिबेक तुम्हाला दर सभेला गाडी पाठवून बोलावून घेईल. अवघड प्रश्न निघाला की तुम्ही अनारकान एजेचं नाव घ्यायचं. सभा संपली, सगळे घरी."

"थट्टा करतेस?"

"थट्टा नाही. तुमच्या तोंडून कोळसा हा शब्द अजून कुणी ऐकलेला नाही. मला तरी माहीत आहे, कारण तुम्ही माझ्या कुंपणाशी उभं राहून रोज तेच बोलता."

"पुढच्या वेळी तिचं नाव घेणार नाही."

"जमेल?"

तिने मला घरी नेऊन तळलेल्या कणकेचे बोर्सोक बांधून दिले. माझ्या हातचे पीठ फुगत नाही हे तिला ठाऊक होते.

ऑक्टोबरच्या सभेला क्लब भरला होता. बाहेर वारा होता, म्हणून आणखी. कोळशाचा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. ओरोझबायची सून चहा वाटत होती, पोटामुळे जरा हळू चालत. चोलपोनही आली होती, मंगळवार होता म्हणून. ती दाराशी कोट न काढता बसली होती.

एल्चिबेकने रस्त्याचे सांगितले, पाण्याच्या पाटाचे सांगितले, कुणाची मेंढरे कुणाच्या शेतात शिरली ते सांगितले. मी हात वर केला. त्याने पाहिले आणि वही मिटली.

"सूयूनबेक आबांचं मन आपण सगळे जाणतो," तो म्हणाला. "आज एक विनंती आहे. आजची बाता आबांनी द्यावी. अनारकान एजेंच्या नावाने, आणि गावासाठीही."

"बरोबर बोललास," ओरोझबाय म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी शेगडीजवळची जागा सोडली.

मान मोठा होता. ओरोझबाय असताना बाता दुसऱ्याने देणे म्हणजे काय ते आमच्यातला कुणीही समजेल. सगळ्यांनी तळवे उघडले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे, मागच्या बायकांचे, चोलपोनचे, सगळे हात वर तोंड करून माझ्याकडे बघत होते. मी माझे हात मांडीवरच ठेवले.

शेगडीत कोळसा फुटल्याचा आवाज आला.

"आबा," मागून कुणीतरी म्हणाले, "लवकर करा. असेच हात धरून बसलो तर येणारा जाणारा भीक घालेल."

दोघेतिघे हसले. मी म्हणालो, "मी बाता देणार नाही."

"काय?" ओरोझबायने विचारले. त्याला एका कानाने कमी ऐकू येते.

"बाता देणार नाही. मला सभेत एक विचारायचं आहे. त्याचा निकाल लागला की देईन."

"सूयूनबेक, उघडलेले हात तसेच खाली घेऊ नयेत. अशुभ असतं."

"मग धरून ठेव."

"मी देतो," तो म्हणाला. "तुझ्याच्याने होत नाही, मी समजतो. अल्लाह आपल्या अनारकानला..."

"तिच्या नावाने नको," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण सून किटली घेऊन जागच्या जागी थांबली. "ती माझी बायको होती. मी सांगतो, आज तिच्या नावाने नको. दोनदा तुम्ही तिच्या नावाने सभा संपवली. ती थंडीत बाकावर मेली, आणि तुम्ही इथे शेगडीजवळ बसून तिच्यासाठी हात उघडता. ही शेगडी मला दवाखान्यात हवी आहे."

ओरोझबाय माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात हळूच गुडघ्यांवर ठेवले. मग एकामागून एक सगळ्यांनी. असे मी जन्मात पाहिले नव्हते. काही बायका पुटपुटल्या.

मी कोळशाचे सांगितले. सगळे सांगितले, चोलपोनच्या खोलीसकट. नीट बोलता आले की नाही ठाऊक नाही.

"आबा, कोळसा ज्याच्या नावाने येतो त्यालाच द्यावा लागतो," एल्चिबेक म्हणाला. तो चिडला नव्हता, थकल्यासारखा दिसत होता. "दवाखाना आमच्याकडे नाही, आरोग्यवाल्यांकडे आहे. मी अर्ज केलाय."

"गेल्या वर्षीही केला होतास," नासिपकान म्हणाली. "अर्ज जाळून खोली गरम होते का?"

"एजे, तुम्ही जरा..."

"मी जरा काय? सभेने ठरवलं की क्लबचा कोळसा दुसरीकडे द्यायचा, तर तुला देता येतो की नाही? हो किंवा नाही सांग."

एल्चिबेकने टोपी काढली, परत घातली. "सभेने ठरवलं तर देता येतो."

मग पहिल्यांदा त्या क्लबमध्ये या गोष्टीवर बोलणे झाले. मला वाटले होते, एकदा बोलणे सुरू झाले की माझे काम झाले. लोकांना माहीत नाही, म्हणून अडले आहे. त्यांना सगळे माहीत होते.

एकजण म्हणाला, नर्स लग्न करून निघून गेली तर कोळसाही गेला आणि नर्सही. चोलपोन लाल झाली. तिला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्या खोलीत बाळाचे कपडे काढून तपासता येत नाही. निळं पडतं." आणि पुन्हा खाली बसली.

एकजण म्हणाला, घरोघरी सभा भरवायची तर ज्याचे घर लहान त्याने लाजायचे का?

"माझ्या घरी भरवा," मी म्हणालो. "आता जागा आहे."

मग ओरोझबाय बोलला. माझ्याकडे न बघता.

"म्हाताऱ्यांनी हिवाळ्यात जायचं कुठे? घरी सुना नातवंडांचा गोंधळ. इथे आम्ही चार शब्द बोलतो. आणि सूयूनबेक, अनारकानच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण कुठे घातलं होतंस? बाहेर वादळ होतं. तीन गावांची माणसं जेवली. इथेच ना? या शेगडीमुळेच ना?"

ते खरे होते. त्या दिवशी मी स्वतः शेगडीत कोळसा घालत होतो. चांगले धगधगत होते. माणसे कोट काढून जेवली होती, आणि मला बरे वाटले होते की तिच्या जेवणाला कुणी कुडकुडले नाही.



एल्चिबेकने हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूने नासिपकानने केला, तिच्या नवऱ्याने तिच्याकडे बघून केला, तरण्या बायकांपैकी काहींनी केला. ओरोझबायच्या सुनेचा हात किटलीसह थोडा वर आला. सासऱ्याने मान वळवली तशी तिने पुढच्या माणसाचा पेला भरला. विरुद्ध बाजूला हात मोजायची गरज पडली नाही.

"झालं," एल्चिबेक म्हणाला. "आबा, तुम्ही विचारलंत, सभेने ठरवलं. मी अर्ज पुन्हा करतो, शपथेवर सांगतो."

कुणी उठेना. सगळे माझ्याकडे बघत होते. निकाल लागला की बाता देईन असे मी म्हणालो होतो, आणि निकाल लागला होता.

मी तळवे उघडले. सगळ्यांनी उघडले, पटकन, सुटल्यासारखे. ओरोझबायने सगळ्यांच्या आधी.

काय बोलायचे ते मी ठरवले नव्हते.

"या हिवाळ्यात," मी म्हणालो, "या गावात कुणाच्या छातीत दुखू नये. कुणी बर्फावर घसरून पडू नये. कुणा बाईचे दिवस थंडीत भरू नयेत. पोरांना ताप येऊ नये. आलाच तर मंगळवारी यावा, आणि दुपारच्या आत यावा."

मागे कुणीतरी हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"खिंडीत बर्फ पडू नये. आम्ही जे ठरवलं ते आम्हाला महाग पडू नये. ओमीन."

"ओमीन," काहीजण म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. तोंडावरून हात फिरले. चोलपोनने हात तोंडाशी नेले आणि तिथेच ठेवले. गाडीवाल्याने दाराशी येऊन हाक मारली तेव्हा ती उठली.

अनारकानचे नाव मी घेतले नाही. त्या दिवशी तिच्या वाट्याला बाता आली नाही, आणि ते मीच केले. घरी जाऊन एकट्याने द्यायला हरकत नव्हती. पण ओमीन म्हणायला दुसरे कुणी लागते.

बाहेर वारा थंड होता. मी क्लबच्या पायऱ्या उतरलो, तर मागून काठीचा आवाज आला. ओरोझबाय. त्याने माझ्या बाहीला धरले आणि आम्ही चालू लागलो. माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते.

"सून जानेवारीत बाळंत होईल," तो मग म्हणाला.

"हो."

"जानेवारीत खिंड बंद असते."

"असते."

आम्ही दवाखान्यासमोर आलो होतो. खिडकीत उतरत्या दुपारचे थोडे ऊन होते. बाकावर पाने साचली होती. ओरोझबायने माझी बाही सोडली, दारापर्यंत गेला आणि कुलूप हातात धरून ओढून पाहिले. पुन्हा एकदा ओढले.

"आत्ता तर होती ती इथे," तो म्हणाला.

"गाडी गेली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि कोळसा क्लबच्या भिंतीशी ओतला.