भाकरीच्या सुट्टीत, बुरजावर

बारा वाजता. बुरजावर. लाल.

ठराव एवढाच होता. रविवारी काकीच्या फोनवरून झालेला.

"भट्टीवरून किल्ला समोरच दिसते वं," याडी म्हणाली होती. "एक बुरूज तं आमच्याकडंच तोंड करून हाये. बाराले भाकरीची सुट्टी राह्यते. तवा मी वर पाहीन."

"इतक्या लांबून मी वळखू येईन का?" नितानं विचारलं होतं.

"माह्या लग्नातला फेटिया घाल. मंग कशी नाही वळखू येत!"

शेलूबाजारच्या पुढं, रस्ता सोडून आत, एक तांडा आहे. तिथली ही निता, सातवीतली. तिची याडी, म्हणजे आई, रुपाबाई आणि बा किशन दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. तोवर घराला कुलूप. निता शेजारी काकीकडे जेवते, काकीकडेच झोपते. किल्ली मात्र तिच्या गळ्यात असते. संध्याकाळी उगाचच ती आपल्या दाराशी जाते, कुलूप ओढून पाहते. लागलेलंच असतं.

त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या फळ्यावर हे आलं :

*वारसा सप्ताहानिमित्त किल्ला सहल. पारंपरिक गणवेशातील शाळकरी मुलांना प्रवेश मोफत. मुली : नऊवारी. मुले : धोतर, सदरा, फेटा. पाण्याची बाटली आणणे.*

खाली किल्ल्याचं नाव होतं. नितानं ते दोनदा वाचलं. याडीची भट्टी त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी होती.

पाण्याची बाटली तिच्याकडे होती. नऊवारी नव्हती. तिनं कुलूप उघडलं, पेटी उघडली, फेटिया बाहेर काढला. लालभडक घागरा, कवड्या, काठाला आरशांच्या रांगा, सोबत कांचळी आणि ओढणी. वजन असं की दोन्ही हात लागले. कमरेत तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. काकीनं चुण्या घालून तीन पिना लावल्या.

"आता दिवसभर उभीच राह्यजो," काकी म्हणाली. "बसली का टोचतीन."

ठरावाचं निता शाळेत कुणाला बोलली नाही. मागच्या वर्षी एकदा बोलली होती, माझे आईबाप भट्टीवर आहेत म्हणून. मग महिनाभर पोरं तिच्या दप्तराला हात लावून बोटं झटकत, "अबे, विटकर लागली!"

बसमध्ये पिना टोचत राहिल्या आणि फेटियानं दीड माणसाची जागा घेतली. शेजारी कोणी बसलं नाही.

•

पावणेअकरा.

दरवाजा एवढा उंच की वर पाहताना ओढणी डोक्यावरून घसरली. खाली टेबल टाकून जानराव नावाचा पहारेकरी बसला होता, हातात परिपत्रक. एकेक पोर तो कागदाशी ताडून आत सोडत होता. नऊवारी, जा. धोतर, जा. सपनाची नऊवारीही लाल होती. जा.

"ही थांबवा."

"काहून?" रत्नमाला मॅडम पुढं झाल्या.

"हे यात नाही, बाई. नऊवारी लिवलं हाये. हिचं तिकीट काढा, काही मोठी रक्कम नाही."

"रकमेचा विषयच नाही. हा तिचा पारंपरिक वेश आहे. तिच्या आज्यापणज्या हेच घालत आल्या. तुमच्या कागदात नाही तर कागद चुकला."

"मंग सायबाले इचारा."

"विचारणारच. कुठं आहेत साहेब?"

"येऊन राह्यले."

काढा ना तिकीट, मॅडम. निताच्या जिभेवर होतं. पण मॅडमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्या हाताला राग आला होता, तिच्यासाठी. असा राग याआधी कोणी तिच्यासाठी धरला नव्हता. तो मोडायचा कसा?

सतीश सर चाळीस पोरांना घेऊन आत गेले. पोरांचा गलका दरवाज्याच्या वळणावर गेला, मग भिंतीतून आला, मग आलाच नाही.

सव्वाअकरा. साडेअकरा.

साहेब आले ते गाडीतून उतरता उतरताच थबकले. "अरे वा! हे! मला हेच पाहिजे होतं! बाकी सगळे भाड्याचे कपडे आणतात हो. जानराव, हिला कुणी अडवलं?"

जानराव परिपत्रक वाचू लागला.

"बघितलंस?" मॅडम तिच्याकडं पाहून हसल्या. इतक्या हसल्या की निताही हसली. फेटिया दोन्ही हातांनी उचलून ती दरवाज्याकडं वळली. अजून वेळ होता.

"थांब, थांब बाळा," साहेब म्हणाले. "पाहुणे येताहेत. ओवाळायला तूच. दहा मिनिटांचं काम."

•

फोटो. निता मधे, हातात ताट, बाजूला साहेब. पाहुणे अजून यायचे आहेत.

फोटो. निता आणि परगावच्या शाळेच्या तीन शिक्षिका. एकीनं तिच्या ओढणीचं टोक स्वतःच्या डोक्यावर घेतलं आहे.

फोटो. निता आणि ताट. मागं दरवाजा. एक बाई सांगते आहे, "हास ना गं." फोटोत ते ऐकू येत नाही.

फोटो. निता मान वळवून वर बघते आहे. हा पुसला, चांगला आला नाही म्हणून.

"काका, किती वाजले?"

"बाराले पाच कमी," जानराव म्हणाला. आता तो मऊ झाला होता. "पाय दुखून राह्यले काय? बस ना खुर्चीवर."

"बसता नाही येत." निता दरवाज्याकडं वळली.

"काका, मी जाऊन येऊ? पळत जाते, पळत येते."

"आता कुठं जाते, पोरी! पाहुणे फाट्यावर आले म्हनते."

बारा.

तो क्षण काही वेगळा नव्हता. ताटातलं निरांजन विझलं, कोणीतरी परत लावलं. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला असेल, नसेल. वर, भिंतीपलीकडं, पोरं ओरडत होती. निता डोळे मिटून उभी राहिली आणि मनातल्या मनात बुरूज चढली. तिला बुरूज माहीत नव्हता, म्हणून तिनं शाळेच्या टाकीची शिडी चढून घेतली.

पाहुणे आले दीडला. मग भाषणं. मग जेवण, तेही निता उभ्यानं जेवली. मग आणखी एक फोटो, सगळ्यांसोबत.

•

साडेतीन. बुरूज.

रिकामा होता. चिप्सची पाकिटं, एक फुगा. खाली भट्टी.

याडी खोटं बोलली नव्हती, बुरूज भट्टीकडंच तोंड करून होता. धूर सरळ वर जात होता. कच्च्या विटांच्या रांगा, वहीतल्या ओळींसारख्या. डोक्यावर विटा घेतलेल्या बाया वाळवणाकडून भट्टीकडं, आणि रिकाम्या हातांनी परत वाळवणाकडं. मुंग्यांएवढ्या नव्हत्या. त्याहून थोड्या मोठ्या होत्या, म्हणूनच जास्त त्रास.

तिसरी बाई. डावा हात डोक्यावरच्या विटांना, उजवा मोकळा, लांब झोके देणारा. असं कोणी चालत नाही. याडी चालते.

निता कठड्याला टेकली. हात हलवला. ओढणी सोडवली, हलवली. दोन्ही हातांनी हलवली.

याडी भट्टीपाशी गेली, वाकली, विटा दिल्या, परतली.

"याडी!"

आवाज खंदकापर्यंत गेला असेल.

ऊन निताच्या पाठीमागं गेलं होतं. पुढचे सगळे आरसे सावलीत, विझलेले. बारा वाजता ऊन डोक्यावर असतं. बारा वाजता ते पेटले असते.

याडी पुन्हा गेली. पुन्हा आली. एकदा थांबली, पदरानं तोंड पुसलं. आता पाहील. निता टाचा उचलून उंच झाली, एक पीन सुटली, कमरेत घुसली, तरी ओढणी वर.

याडीनं चुंबळ डोक्यावर नीट केली आणि विटांकडं वळली. वर पाहिलंच नाही. एकदाही नाही.

"निता! चल, बसमध्ये मोजणी चालू आहे." मॅडम धापा टाकत आल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. खाली पाहिलं, त्यांना धूर दिसला. "आज आपण जिंकलो, बरं का!"

"हो, मॅडम."

•

बसमध्ये सपना सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून सांगत होती, अर्ध्या बसला.

"अबे, खाली भट्टीवर एक बाई होती, येडी! बारा वाजले असतीन. मी एकटीच टोकावर गेली अन् असाच हात केला, टाइमपास. तं तिनं भाकर टाकली अन् दोन्ही हात वर करून नाचाले लागली! दुसऱ्या बायाइले वढून वढून दाखवत होती."

"मंग?"

"मंग काय, मी बी नाचली थोडंसं. अन् आली खाली. भूक लागली होती."

पोरं हसली. सपना हसत हसत निताकडं वळली. "तू कुठं होती वं? तुले त् पाह्यलंच नाही."

"खाली," निता म्हणाली.

खिडकीबाहेर भट्टी गेली, धूर बराच वेळ गेला नाही.

•

सहा वाजता काकीचा फोन वाजला. काकीनं तो उचलून सरळ निताच्या कानाला लावला.

"दिसली वं! दिसली!"

नितानं फोन हातात घेतला.

"भाकर हातातच होती माह्या, अन् तू आली! लाल लाल! साऱ्या बायाइले दाखवलं, ते पाहा माही निता, किल्ल्यावर उभी हाये. फेटिया तं असा चमकून राह्यला होता, असा चमकून राह्यला होता! बा म्हने, डोळे दिपले. अन् नाचली काय वं तू?"

नितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकू येते ना?"

"येते." मग तिनं विचारलं, "याडी, मंग दुपारून पाह्यलं होतं का वर? साडेतीनले?"

"कायले? पोटभर पाह्यलं होतं तुले. हलकी झाली मी. सारा दिवस विटा लागल्याच नाही डोक्याले."

काकी चुलीपुढून इकडं बघत होती. निताच्या अंगावर अजून फेटियाच होता. सुटलेली पीन तिनं मुठीत धरून ठेवली होती.

"पण लवकर गेली वं," याडी म्हणाली, आवाज थोडा खाली आला. "मी अजून हात करूनच राह्यली होती. तू गेली तरी करून राह्यली होती."

"मागं रांग होती, याडी," निता म्हणाली. "साऱ्या पोरीइले हात करायचा होता."