हात्सुएच्या नावाचा रकाना

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. शाळेतली नव्हे, घरोघर फिरणारी. माझ्या डोक्यावर लोखंडी चिमटा आहे. चिमट्यात सूचनेचा कागद असतो आणि कागदाच्या कडेला प्रत्येक घराच्या नावाचा एक रकाना. सूचना वाचायची, आपल्या रकान्यात घरचा शिक्का मारायचा आणि मला पुढच्या घरी हातात नेऊन द्यायचं. मित्रांनो, आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत माझं एवढंच काम.

सावा नावाच्या मुलीच्या वडिलांनी मला घडवलं. ते होड्या बांधत. एका होडीतून उरलेल्या देवदाराच्या फळीला त्यांनी रंधा मारला आणि कोपरे गोल केले. तेव्हा वाडीत एकोणीस घरं होती. समुद्राची मोठी लाट आली तर पळायची कवायत कधी, देवळाची झाडलोट कुणाकडे, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता, सगळं मी सांगायची. एका वादळात टेलिफोन बंद पडले, तेव्हाही मी एका दिवसात सगळी घरं फिरून आले. लोक माझं कौतुक करत. मग तरुण माणसं शहरात गेली, म्हातारी देवाघरी गेली. आता सहाच रकाने उरले.

सावा मोठी झाली, तोकुजीशी तिचं लग्न झालं आणि मला पुढे नेण्याचं काम तिच्याकडे आलं. त्यांच्यानंतरचं घर एकटीने राहणाऱ्या हात्सुएचं, अडतीस पायऱ्या वर. सावा तिथे गेली की लवकर परतायची नाही. मला लोणच्याच्या बरणीवर ठेवून दोघी बोलत बसायच्या. हात्सुए लेकीकडे गेली की फेरी अडू नये म्हणून तिने आपला एक जादा शिक्का सावाकडे देऊन ठेवला होता. तो सावाच्या खणात असे.

एका थंडीत सावा वारली. त्यानंतरची पहिली सूचना घेऊन तोकुजी पायऱ्या चढला. त्याने हाक मारली. आतून हात्सुए नेहमीच्या सवयीने म्हणाली, "आज तू कसा? सावा कुठे उलथली?"

मग तिच्या लक्षात आलं. ती दारात आली, पण तोकुजीची नजर पायऱ्यांकडेच होती. तोकुजीने मला तिच्या हातात दिलं आणि तो खाली उतरला.

त्यानंतर तो वर गेलाच नाही. सूचना आली की तो आपला शिक्का मारी. मग खण उघडून हात्सुएचा शिक्का काढी, तोही मारी, आणि मला थेट त्यापुढच्या घरी, गेनसाकुच्या दाराशी मासळीच्या खोक्यावर ठेवून येई. सूचनेतलं काय ते तो हात्सुएला फोनवर सांगे. तिचे गुडघे दुखतात, तिचा त्रास वाचतो, असं तो स्वतःशी म्हणायचा. तीन फेऱ्या अशाच झाल्या. माझे सगळे रकाने भरलेले असत. कुणाला काही कळलं नाही.

चौथी सूचना काळं शेवाळ कापण्याची होती. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडतात, तेव्हा सगळ्या घरांनी मिळून ते कापायचं. कुणाचा शिक्का नसेल तर त्याला आधी बोलवायचं आणि मगच कापणीचा भोंगा वाजवायचा, अशी आमची रीत. मंगळवारी संध्याकाळी मी फिरले. तोकुजीने फोन केला. हात्सुएने उचलला नाही. शेतात असेल, म्हणून त्याने ठेवून दिला. बुधवारी करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

गुरुवारी सकाळी सगळे विळे घेऊन खडकांवर जमले. वाडीची कारभारीण मिनेको मला हातात धरून नावं बघत होती. हात्सुए तेवढी नव्हती.

गेनसाकु म्हणाला, "मुरडत येत असेल. एक्क्याऐंशी वर्षांची झाली तरी केस विंचरल्याशिवाय खडकावर यायची नाही ती."

लोक हसले. थोडा वेळ गेला. मिनेकोने माझ्यावर बोट ठेवलं. शिक्का आहे, म्हणजे सूचना तिने वाचली आहे, गुडघ्यामुळे आली नसेल, आता पाणी चढायला लागेल, असं ती म्हणाली. तिने भोंगा तोंडाला लावला.

मित्रांनो, तेव्हा मला बोलता यायला हवं होतं. माझ्यावर तिचा शिक्का होता आणि तिने मला पाहिलंही नव्हतं.

"थांब," तोकुजी म्हणाला. "तो शिक्का मी मारलाय."

मिनेकोला कळेना. तो पुन्हा म्हणाला, "तिने सूचना वाचलीच नाही गं. मी तिच्या दारात गेलोच नाही. चार फेऱ्या झाल्या. मंगळवारी तिने फोनही उचलला नाही."

त्याने विळा टाकला आणि तो वाडीकडे पळत सुटला. सगळे मागे धावले. मी मिनेकोच्या काखेत होते.

हात्सुए स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. मंगळवारी दुपारी पाय घसरला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ सुकले होते. फोन वर फळीवर होता. तिने तो वाजताना ऐकला होता. तोकुजी गुडघे टेकून तिच्यापाशी बसला. तिने आधी त्याच्या पायातले, खडकांवर जायचे रबरी बूट पाहिले.

"शेवाळाचा दिवस आज होता होय?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

त्या वर्षी भोंगा वाजला नाही. पाणी चढलं, शेवाळ खडकांवरच राहिलं. हात्सुए जगली. पण तिला पुन्हा उभं राहता आलं नाही, आणि लेक तिला आपल्याकडे घेऊन गेली. घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या.

आता सूचना मोबाइलवर येतात. मला जाळायचं ठरलं होतं. तोकुजीने मला मागून घेतलं. तो मोबाइलवरची सूचना कागदावर उतरवतो, हाताने सहा रकाने आखतो आणि मला काखेत घेऊन निघतो. गेनसाकु चिडवतो, "पोस्टमन आला रे." पण दार उघडतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी फळी आहे, कधीतरी जळणारच. पण कुणाच्या नावापुढे आपल्या हाताने खूण करू नका. ते माणूस बरं आहे का, ते जाऊन बघा. जिथे जायला जड वाटतं, त्या दारात तर आधी जा.

हात्सुएचा शिक्का तोकुजीने तिच्या लेकीकडे पाठवून दिला. तरी तो अडतीस पायऱ्या चढतो, बंद दारापाशी हाक मारतो आणि थोडा वेळ थांबतो. मग तिचा रकाना तसाच कोरा ठेवून खाली उतरतो.