पूल तोडणारी राणी

धाकटीचं पोट खेळांवर चालायचं. ती व्हिडिओ गेम खेळायची आणि एका मासिकासाठी त्यांची परीक्षणं लिहायची. गोष्टीत जीव आहे का, खलनायकात दम आहे का, लढाया रटाळ होतात का, सगळं ती सोलून काढायची. संपादक म्हणायचे, "बाई, तुमच्या तावडीतून राक्षससुद्धा सुटत नाहीत."

ही सवय तिला ताईच्या शेजारी बसून लागली होती. लहानपणी घरात कंट्रोलर एकच, आणि तो अर्थातच ताईच्या हातात. धाकटी शेजारी पालथी पडून नुसती नावं ठेवायची. "हा राजा उगाच ओरडतोय गं. चिडलाय कशावर, ते कुणी सांगितलंच नाही."

"गप बस, मरेन मी," ताई म्हणायची आणि खरंच मरायची. मग दोघी हसून हसून लोळायच्या.

त्यांचा सगळ्यात लाडका खेळ होता पूल तोडणाऱ्या राणीचा. नदीकाठच्या गावातून कुणी बाहेर पडायला निघालं, की ही राणी त्याच्या समोरचा पूल पाडायची. दोघींनी तिला पोटभर शिव्या घातल्या होत्या. पण खेळ अर्ध्यावर असतानाच ताई शिकायला परगावी गेली. परत आली ती लग्न ठरवूनच. खेळाचं मशीन माळ्यावर गेलं ते गेलंच.

आता तोच खेळ नव्यानं निघाला आणि परीक्षणासाठी धाकटीकडे आला. तिनं तो उघडलासुद्धा नाही. आधी ताईला फोन लावला.

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दातांच्या कवळ्या बनवायची. कामं कायम तुंबलेली. दोनदा 'येते' म्हणून आली नाही. शेवटी एका रविवारी दुपारी आली, नखांत कवळ्यांचं गुलाबी मेण तसंच.

"बटणं वाढवलीत मेल्यांनी," असं म्हणत ती पहिल्याच लढाईत नदीत पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा मात्र अंगठ्यांना जुनं काहीतरी आठवलं आणि ती सुटलीच. धाकटी शेजारी पाय पोटाशी घेऊन बसली. पडद्याकडे कमी आणि ताईकडेच जास्त बघत होती. ताईच्या कानामागे दोनचार केस पांढरे झाले होते. कधी झाले, ते तिला कळलंच नव्हतं.

राणी समोर आली, तशी ताई पुढे वाकली. "एवढी म्हातारी, आणि दात बघ कसे ओळीत. कवळी आहे. स्वस्तातली."

ताई खेळवत होती ती पडद्यावरची पोर गाठोडं घेऊन शेवटच्या पुलाशी उभी होती. राणी तिला म्हणाली, "तू गेलीस की या गावात आवाज कुणाचा?"

ताई बटण दाबायची थांबली. "हिचं काही अगदीच चुकत नाही गं. लेक पहिल्यांदा सहलीला गेली, तेव्हा बस पंक्चर व्हावी असं मला मनापासून वाटत होतं." मग सहज म्हणाली, "तू नाही का मी शिकायला निघाले त्या दिवशी माझी नवी चप्पल लपवलीस?"

धाकटीनं पोटाशी घेतलेले पाय खाली सोडले. "तुला माहीत होतं?"

"पाण्याच्या टाकीमागे होती. दिसली मला."

"मग घेतली का नाहीस?"

"एवढ्या मेहनतीनं लपवली होतीस. म्हटलं, राहू दे. जुनी घालून गेले."

धाकटीला पुष्कळ बोलायचं होतं. पण तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. लेकीच्या अंगात कणकण होती. ताईनं कंट्रोलर धाकटीच्या मांडीवर ठेवला, पर्स उचलली आणि दारातून म्हणाली, "तू संपव. माझ्यासाठी थांबू नकोस."

धाकटी चार दिवस थांबली. मग मासिकाचा तगादा लागला आणि तिनं एकटीनंच खेळ संपवला. परीक्षणात लिहिलं, लढाया लांबल्यात, मधल्या भागात गोष्ट भरकटते. पण राणीसाठी खेळ घ्यावा. तिला हरवल्यावर तिच्याकडे बघवत नाही. संपादक म्हणाले, "पहिल्यांदाच राक्षसाची बाजू घेतलीत."

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. मागे कवळ्या घासायच्या मोटरची घरघर. "लेक बरी आहे. काय झालं गं त्या राणीचं?"

"ये की, दाखवते."

"आता कुठलं येणं होतंय. सांग तूच."

शेवट तसा छोटाच होता. पोर पूल ओलांडते, राणी काठावर बसून राहते, संपलं. धाकटीनं मात्र आधी राणीला नावेत बसवलं, मग वादळ आणलं, मग नावाड्याला एक जुनं भांडण काढायला लावलं. तिकडे मोटर बंद झाली.

"हे खेळात नाहीये," ताई म्हणाली. "तू वाढवतेयस."

"आहे तसंच सांगतेय."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "नावाडी काय म्हणाला?"