चकती फिरली का?

मित्रांनो, मी एक जुना प्रेस आहे. वर्तमानपत्र छापणारा नव्हे, आणि कपड्यांना इस्त्री करणारा तर नव्हेच. मी काडतुसं भरणारा प्रेस आहे. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी माझ्यात ठेवतात आणि दांडा ओढतात. ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घेऊन ती पुन्हा कामाला लागते. अमेरिकेत, मोंटानातल्या आमच्या गव्हाच्या गावात निम्म्या गॅरेजांमध्ये माझा कोणी ना कोणी भाऊबंद टेबलाला आवळलेला सापडेल. इतकं असूनही मी पुढे जाणारा आहे की मागे, याचा माझा गोंधळ अजून मिटलेला नाही.

मी ओतीव लोखंडाचा. माझा सांगाडा कड्यासारखा चहूबाजूंनी बंद आहे. आमच्या कारखान्यात समोरून उघडे प्रेसही बनत. त्यांच्यात हात घालायला सोपं, पण जोर पडला की त्यांचा जबडा केसभर फाकतो म्हणे. माझा फाकत नाही. दांडा खाली ओढला की माझा दट्ट्या वर जातो, आणि दांडा वर नेला की दट्ट्या खाली येतो. पहिलं वर्षभर मला हेसुद्धा उलटंच वाटायचं.

मला आयनर ट्वेटने विकत आणलं. तो तालुक्याच्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवायचा, त्यामुळे त्याला सगळं सपाट आणि सारखं लागायचं. माझ्याकडून एका वेळी एकच काम होतं. एक साचा बसवायचा, पन्नासही पुंगळ्या त्यातून काढायच्या, मग साचा बदलायचा. दारू भरायची वेळ आली की आयनर पन्नास भोकांच्या लाकडी फळीत पुंगळ्या उभ्या करी, सगळ्यांत दारू घाली, दिवा वाकवून धरी आणि डावा डोळा मिटून एकेकीत डोकावे. "हं, सगळ्या सारख्या," असं पुटपुटल्याशिवाय तो एकही गोळी बसवत नसे.

त्याची मुलगी कार्ला माझ्या काडतुसांवर रिव्हॉल्व्हर चालवायला शिकली. तिला नेमबाजीत पहिल्या नंबरची निळी फीत पहिल्यांदा मिळाली तेव्हा आयनरने माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास, म्हाताऱ्या!" तेव्हा मी जेमतेम नऊ वर्षांचा होतो. म्हातारा कोणाला म्हणाला, या विचारात मी तो आनंद नीट उपभोगलाच नाही.

पुढे एक फिरत्या डोक्याचा प्रेस काही महिने शेजारी राहून गेला. त्याच्या डोक्यावर चार साचे होते. पुंगळी जागच्या जागी, आणि डोकं फिरे. मग शेजारच्या विलर्डने बहुकामी यंत्र घेतलं. त्याचं डोकं स्थिर, आणि खालची चकती फिरे. चकतीवर पाच पुंगळ्या, पाच जागी पाच कामं एकदम, आणि दर ओढीला एक तयार काडतूस टपकन टोपलीत. चकती आपोआप पुढे सरके. आयनर बारा वर्षं दर गुरुवारी तिकडे जाऊन काडतुसं भरत होता. एकाचं डोकं फिरतं, एकाचे पाय फिरतात, माझं काहीच फिरत नाही. मग मी यंत्र आहे की नुसता खुंटा, असं मला वाटू लागलं.

विलर्ड म्हातारपणी ॲरिझोनाला लेकीकडे गेला आणि यंत्र घेऊन गेला. आयनरने स्वतःचं आणलं. दिसायला अगदी तसंच, तीच चकती, तोच दांडा. फरक एकच होता. हा साधा नमुना होता. याची चकती आपोआप सरकत नसे. प्रत्येक ओढीनंतर ती अंगठ्याने पुढे सरकवावी लागे. माझे बोल्ट काढले गेले आणि मी वरच्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांमध्ये जाऊन बसलो. फार वाईट वाटलं. माझ्यावर गंज चढला, पण तिथून टेबल मात्र सगळं दिसायचं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयनर पिकअप गिअरमधून न काढताच खाली उतरला, आणि गाडी हळूहळू जाऊन गुरांच्या कुंपणात शिरली. तेव्हापासून कार्ला त्याच्या प्रत्येक गोष्टीवर डोळा ठेवून होती. तो चढून पडू नये म्हणून शिडी तिने केव्हाच नेली होती. आता हे गॅरेज तेवढं त्याच्याकडे उरलं होतं.

शनिवारी क्लबची वार्षिक नेमबाजी होती. मंगळवारी सकाळी आयनर कार्लासाठी काडतुसं भरत होता. दांडा ओढला, दारू पडली, तेवढ्यात घरातून त्याच्या बायकोची, बर्निसची हाक आली. "आयनर, कॉफी गार होतेय! की तिकडेच बादलीने ओतून देऊ?"

तो हसत उठला. परत आला, बसला, आणि दांडा ओढला. दारूचं भांडं खडखडलं.

मित्रांनो, मी वरून बघत होतो. अंगठा हलला नाही, असं मला वाटलं. पण मग वाटलं, उठण्यापूर्वी हलला असेल. आणि मग वाटलं, हे यंत्र आपोआप फिरणारं आहे ना? की ते विलर्डचं होतं? चकती फिरली नसेल तर त्याच पुंगळीत दारू दुसऱ्यांदा पडली. तसं काडतूस झाडलं तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं. चार-पाच ओढी झाल्यावर आयनरही थांबला. त्याने चकतीकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. भरलेल्या काडतुसांची टोपली पाहिली. मग तो पुढे भरत राहिला. ते एक काडतूसही बाकीच्यांत जाऊन पडलं असणार.

शुक्रवारी दुपारी कार्ला आली. "बाबा, डबा तयार आहे ना? उद्या आपल्या गावातून मी एकटीच आहे. नाक राखायचंय."

"तयार आहे," आयनर म्हणाला.

तिने डबा उचलून पिकअपमध्ये ठेवला. आयनर दाराशी उभा राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडणार? माझीच खात्री नव्हती. गाडी सुरू झाली आणि आयनर एकदम अंगणात धावला.

"थांब! तो डबा परत आण."

"का? काय झालं?"

"एकात दारू दोनदा पडली असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे असेल! माहीत असतं तर तेवढं एक काढून टाकलं नसतं? मी कॉफीला उठलो. परत येऊन दांडा ओढला. विलर्डचं आपोआप फिरायचं, हे फिरत नाही. मी फिरवलं की नाही, मला आठवत नाही, कार्ला."

"कधीची गोष्ट?"

"मंगळवारची."

"आज शुक्रवार आहे, बाबा."

"वार आठवतात मला!"

बर्निस दारातून म्हणाली, "म्हणजे शेवटी माझी कॉफी गुन्हेगार!"

कार्लाने गाडी बंद केली. "वजन करून सापडेल?"

"नाही. दारू चिमूटभर. पितळात आणि शिशातच त्याहून जास्त फरक असतो."

"मग सगळी उघडायची."

नव्या यंत्राला हे उलटं काम जमण्यासारखं नव्हतं. कार्लाने वर पाहिलं, डबे बाजूला सारले आणि मला पोटाशी धरून खाली उतरवलं. "ये रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. या वेळी ते नाव मला शोभत होतं.

तिने मला टेबलाला आवळलं. माझ्या डोक्यात गोळी पकडणारा चिमटा बसवला. आता दांडा वर नेला की दट्ट्या पुंगळीला खाली ओढी आणि गोळी वरच राही. इतकी वर्षं ज्या गोळ्या मी आत बसवल्या, त्याच आता बाहेर काढायच्या होत्या. मी केलेलं काम निस्तरतोय की नवं करतोय, मला कळेना. कार्ला दांडा ओढी. आयनर प्रत्येक पुंगळीतली दारू बर्निसच्या पांढऱ्या बशीत ओते, पाही आणि बरणीत टाकी. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. टोपलीच्या तळाशी मूठभर काडतुसं उरली.

"बाबा, तू फिरवलीच असशील," कार्ला हळूच म्हणाली. "उगाच..."

तेवढ्यात आयनरने पुढची पुंगळी ओतली. बशीत दुप्पट ढीग पडला.

कार्लाने आपला उजवा हात उघडून पाहिला, मग मिटला. आयनर खाली मान घालून म्हणाला, "शिडीबरोबर हेही घेऊन जा."

कार्लाने नव्या यंत्रावर जुनी चादर टाकली. भिंतीवरची पन्नास भोकांची फळी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्यापुढे ठेवली. "उद्यासाठी पन्नास भर. या म्हाताऱ्यावर. तू बघ, मग मी बघते. दिवा मी धरते."

त्याने डावा डोळा मिटला.

मित्रांनो, आम्हाला तेल घाला, आमचा गंज पुसा, असं सांगून मी गोष्ट संपवणार होतो. तेही कराच. पण मंगळवार ते शुक्रवार या घरात आयनरला आणि मला त्या घोळाचा संशय होता, आणि आम्ही दोघेही गप्प होतो. तुमचाही हात कधी मधेच थांबेल आणि तुम्हालाही आठवणार नाही. तेव्हा डबा गाडीत चढेपर्यंत वाट पाहू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.