गतिरोधकाचे लोकार्पण

बाबा गेले त्या जागी रस्ता सुरक्षा निधीतून गतिरोधक झाला, आणि झाल्याबरोबर त्याच्यावर मांडव उभा राहिला.

कळमेश्वरकडचे ट्रक आमच्या दारावरून जातात. रस्त्याच्या पलीकडे कुसुममावशी राहते, आईची धाकटी बहीण. बाबा तिच्याकडे ताक द्यायला निघाले होते. त्यानंतर आई फाटकापर्यंत यायची आणि परत फिरायची. दोघी बहिणी आपापल्या फाटकात उभ्या राहून एकमेकींना फोन करायच्या. म्हणून मी गतिरोधकासाठी अर्ज करत राहिले, आणि तो मंजूर झाला.

पण लोकार्पणाआधी तो वापरता येत नव्हता. त्यावरून पहिली गाडी लोकार्पणाच्या प्रमुख पाहुण्यांचीच जायला हवी होती. तोवर कोणी घाई करू नये म्हणून कंत्राटदाराने रस्त्यावर आडवा मांडव घातला, सतरंजी अंथरली आणि दोन्हीकडे फिती बांधल्या. वाहतूक मागच्या लेआउटमधल्या गल्ल्यांतून वळवली. पाहुण्यांना मात्र वेळ मिळेना.

एका दुपारी आई रस्ता ओलांडून मावशीकडे गेली. चपला हातात घेऊन, कारण खाली सतरंजी होती. मग ती रोजच जाऊ लागली. मांडवात बायका वाती वळायला बसू लागल्या. कोणीतरी मुलीचं साक्षगंधही तिथेच उरकलं. मुलामुलीला गतिरोधकावर गादी टाकून बसवलं होतं. मांडवात उंच जागा तेवढीच होती.

मग खात्याकडून निरोप आला की पाहुणे लवकरच वेळ देणार आहेत. त्या दिवशी आई अर्ध्या भाकरीवर उठली.

"मांडव राहू दे म्हन त्याइले," ती म्हणाली. "मले ब्रेकर नको, मांडव पाह्यजे."

मी नवा अर्ज लिहिला, लोकार्पण पुढे ढकलण्याचा. अभियंता सुशीलसाहेबांनी तो दोनदा वाचला.

"ताई, ज्याची तारीखच ठरली नाही, ते मी पुढे कसं ढकलू?"

मग काय करावं, असं मी विचारलं. त्यांनी मनापासून विचार केला. आधी तारीख मागा, म्हणाले. ती मिळाली की आपण तीच पुढे ढकलू, पाहुणे तसेही येत नाहीत. मला ते पटलं. त्या दिवसांत मला काहीही पटायचं. तेरवीच्या पंगतीत मी बाबांसाठी एक पत्रावळ रिकामी ठेवली होती. वाढपी तिच्यावरही वाढत गेला, आग्रह करकरून. तेही मला पटलं होतं.

मी तारीख मागितली. ती निघाली दुसऱ्याच दिवसाची, आणि माझा पुढचा अर्ज टेबलावर पोचण्याआधी पाहुणेच येऊन पोचले, दिलेल्या वेळेच्याही आधी.

मांडव उतरला. आईला शाल-श्रीफळ देण्यात आलं. गतिरोधकामुळे परिसराच्या विकासाला गती मिळेल, असं पाहुणे भाषणात म्हणाले. मग फीत कापली गेली, आणि त्यांची गाडी हळू झाली, चढली, उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी तशीच नागपूरकडे निघून गेली आणि रस्ता ट्रकांना मोकळा झाला.

आई शाल पांघरून कडेला उभी होती. पहिला ट्रक आला आणि गतिरोधकापाशी थांबला. ड्रायव्हरने तिला हाताने जाण्याची खूण केली.

"ये ना वं बाई, थांबला तो," पलीकडून मावशीने हाक दिली.

आई हलली नाही.

"त्याले म्हन, तू जाय," ती मला म्हणाली. "मी पाहून राहिली."

मी ड्रायव्हरला तसं सांगितलं. ट्रक हळूच चढला आणि उतरला. त्याच्या मागचाही तसाच गेला. मग एक टँकर, मग काटोलकडून आलेली संत्र्यांची गाडी. जो येईल तो नेमका तिथेच हळू होत होता. आई प्रत्येक गाडी नीट पाहून घेत होती, पुढची चाकं, मग मागची.

दिवे लागायच्या वेळी मावशीच रस्ता ओलांडून अलीकडे आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली.